आत थंड हवं, बाहेर गरम हवं : ट्रकच्या धुरातल्या नॉक्सची गोष्ट

डिझेलमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तरीही ट्रकच्या सायलेन्सरमधून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात, आणि त्यांना आवर घालताना जगभरच्या इंजिन कंपन्यांच्या नाकी नऊ आले आहेत. मग हा नायट्रोजन येतो कुठून?

येतो हवेतून. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. एरवी हा वायू अत्यंत आळशी. त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडायला दर मोलमागे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून साध्यासुध्या आगीत तो बधत नाही. डिझेल इंजिनात मात्र हवा आधी प्रचंड दाबली जाते, त्यात डिझेलचा फवारा पेटतो आणि ज्योतीचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू नायट्रोजनच्या रेणूवर आदळतात. त्यातून एक नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि नायट्रोजनचा एक अणू मोकळा सुटतो. तो लगेच ऑक्सिजनचा रेणू पकडतो; पुन्हा नायट्रिक ऑक्साइड, पुन्हा ऑक्सिजनचा एक सुटा अणू. साखळी चालूच राहते. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडून दाखवली. तिची खरी मेख तापमानात आहे. या पातळीला तापमान शंभर अंशांनी वाढलं, की नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याचा वेग दुपटीहून जास्त होतो.

म्हणजे दोष डिझेलचा कमी आणि त्याच्या आगीचा जास्त. इंधन बदलून ही गोष्ट आपोआप सुटत नाही, ती याचमुळे. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनवरच्या ट्रकांच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांत काही गाड्या फ्युएल सेलच्या आहेत, तर काहींत हायड्रोजन चक्क इंजिनात जाळतात. जाळणाऱ्या गाडीत कार्बन नाही, काजळी जवळजवळ नाही, पण हवा तीच आणि आग तशीच गरम. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडं तिलाही चुकत नाहीत.

इंजिनातून निघतो त्यात बहुतांश नायट्रिक ऑक्साइड असतो, आणि हवेत मिसळल्यावर त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. या दोघांना मिळून नॉक्स म्हणतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच. शिवाय उन्हात, इतर वाफांच्या साथीने, तो जमिनीलगत ओझोन तयार करतो. हवेतल्या अमोनियाशी जुळला तर अमोनियम नायट्रेटचे बारीक कण होतात, म्हणजे पीएम २.५ मध्ये भर. आपल्याकडे हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १० असावी असं सुचवलं.

इथे एक शंका हमखास येते. पेट्रोल कारमध्ये गेली कित्येक वर्षं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो, तोच ट्रकला का लावत नाहीत? कारण पेट्रोलचं इंजिन हवा मोजून घेतं, जेवढी पेट्रोल जाळायला लागते तेवढीच. धुरात ऑक्सिजन उरत नाही, म्हणून कन्व्हर्टरमधल्या कॅटलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकावर, कार्बन मोनॉक्साइड नॉक्सकडचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि दोन्ही विषं एकदम निकाली निघतात. डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा आत घेतं. त्याच्या धुरात फुकटचा ऑक्सिजन भरपूर असतो. तो आयता हाताशी असताना नॉक्सकडून हिसकावून घ्यायला कोण जाईल? सीएनजीवरचे बीएस-६ ट्रक पेट्रोलसारखे मोजून हवा घेत असतील, तर त्यांचं साध्या कन्व्हर्टरवर भागतं. डिझेलवाल्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे आग थंड करणं. डिझेलचा फवारा थोडा उशिरा मारला की पिस्टन खाली निघालेला असतो, जागा वाढत असते आणि तापमान तितकं चढत नाही. नॉक्स घटतो. पण ताकदही घटते आणि ॲव्हरेज पडतं. दुसरी युक्ती म्हणजे ईजीआर. यात धुराचा काही भाग कूलरमधून थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ उष्णता शोषून घेतात. आग मंदावते, नॉक्स चांगला खाली येतो. किंमत इथेही आहेच. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर जे होतं तेच इथे होतं : आग मंद, धूर दाट. काजळी वाढते, ईजीआरचा व्हॉल्व्ह आणि कूलर चोंदतात, इंजिन ऑइल लवकर काळं पडतं.

नॉक्स कमी करावा तर काजळी आणि डिझेल दोन्ही वाढतात. डिझेल वाचवावं तर नॉक्स वाढतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या पेचातून सुटायला काहींनी सरळ लबाडी केली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत सात मोठ्या इंजिन कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, व्होल्वो अशी मोठमोठी नावं त्यांत होती. आरोप असा की सुमारे १३ लाख इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन चेहरे भरले होते. प्रयोगशाळेतल्या चाचणीत फवारा उशिरा, नॉक्स मर्यादेत. गाडी हायवेवर एका वेगाने धावू लागली की फवारा लवकर, ॲव्हरेज झकास आणि नॉक्स मोकाट. ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड आणि पुढच्या सुधारणा धरून प्रकरण १०० कोटी डॉलरच्या वर गेलं. फोक्सवॅगनचा गाजलेला घोटाळा २०१५ चा. ट्रकवाल्यांनी तोच धडा सतरा वर्षं आधी गिरवला होता, फक्त कारवाल्यांइतकी त्याची बोंब झाली नाही.

दुसरी हकिकत लबाडीची नाही, हट्टाची आहे. अमेरिकेने २०१० साठी नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला साधारण ०.२७ ग्रॅमवर आणली. बाकीच्या कंपन्या युरियाच्या मार्गाने गेल्या, म्हणजे वेगळ्या टाकीतलं युरियाचं द्रावण धुरात फवारून नॉक्स मोडायचा. नॅव्हिस्टार या कंपनीने ठरवलं की ड्रायव्हरला वेगळी टाकी भरायची कटकट नको, आपण सगळं ईजीआरनेच करू. आधी जमवलेल्या सवलतीच्या गुणांवर काही काळ निभावलं. ते गुण संपत आले तेव्हा दंड भरून इंजिनं विकायची मुभा ईपीए या अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने दिली, ती जून २०१२ मध्ये कोर्टाने रद्द केली. पुढच्याच महिन्यात नॅव्हिस्टारने युरिया स्वीकारला, तोही प्रतिस्पर्धी कमिन्सकडून घेऊन. ऑगस्टमध्ये कंपनीच्या प्रमुखाने पद सोडलं. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात शिकवणारं प्रकरण आहे. इंजिनाच्या आत नॉक्स किती दाबता येतो याला हद्द आहे, हे इथे रोख रक्कम मोजून सिद्ध झालं.

युरियाचा विचार याच्या बरोबर उलटा. इंजिनात आग मनासारखी पेटू द्या, नॉक्स होऊ द्या, आणि धूर बाहेर पडायच्या आधी वाटेत तो मोडा. या पद्धतीचं नाव एससीआर. त्यामुळे इंजिन चांगल्या ॲव्हरेजला लावता येतं, आणि वाचलेल्या डिझेलमधून युरियाचा खर्च काही अंशी तरी भरून निघतो.

भारतातले आकडे पाहिले की हे का करावं लागलं ते कळतं. अवजड इंजिनासाठी नॉक्स दर किलोवॅट-तासामागे ग्रॅममध्ये मोजतात. कारसारखं किलोमीटरमागे मोजत नाहीत, कारण तेच इंजिन टिपरमध्येही बसतं आणि बसमध्येही. चाचणीला गाडी नेत नाहीत, नुसतं इंजिन बाकावर बसवतात. पुण्यात टेकडीवर असलेल्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत हे काम चालतं. २००० सालची मर्यादा ८ ग्रॅम होती. पुढे ७, मग बीएस-३ ला ५, बीएस-४ ला ३.५. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला स्थिर चाचणीत ०.४० व चढउताराच्या चाचणीत ०.४६. मधली बीएस-५ ची पायरी सरकारने जानेवारी २०१६ मध्ये गाळूनच टाकली.

हे आकडे एका ट्रकला लावून पाहू. दिवसभरात इंजिनाने सरासरी ६० किलोवॅट ताकद दहा तास दिली असं धरा, म्हणजे ६०० किलोवॅट-तास. २००० सालच्या मर्यादेवरचा ट्रक त्या दिवशी ४ किलो ८०० ग्रॅम नॉक्स सोडेल. बीएस-४ वाला २ किलो १०० ग्रॅम. बीएस-६ वाला २७६ ग्रॅम. चाचण्यांची पद्धत मध्ये बदलली आहे, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण अंदाज यायला पुरेशी आहे.

आता बीएस-६ ट्रकच्या चेसिसला लटकलेल्या त्या भल्या थोरल्या डब्याकडे नीट बघू. धूर टर्बोमधून निघाला की आधी डीओसी या पहिल्या कॅटलिस्टमध्ये येतो. तिथे प्लॅटिनमच्या जातीचे धातू अर्धवट जळलेलं इंधन जाळतात, आणि नायट्रिक ऑक्साइडच्या काही भागाचं नायट्रोजन डायऑक्साइड करतात. विष कमी करायला निघालो आणि जास्त तिखट विष का बनवलं, असं वाटेल. पण हा डायऑक्साइड पुढे दोनदा कामी येतो. पुढच्या टप्प्यात, डीपीएफ या गाळणीत, अडकलेली काजळी तो कमी तापमानालाच हळूहळू जाळत राहतो. त्याने भागलं नाही आणि गाळणी भरत आली, की डिझेल जास्त सोडून धूर ५५०-६०० अंशांपर्यंत तापवतात. ड्रायव्हर ज्याला ‘रीजन’ म्हणतात ते हेच.

डीपीएफनंतर पाइपात एक छोटा इंजेक्टर दिसतो. युरियाचा फवारा इथे पडतो. पंपावर मिळणारं डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. आकडा विचित्र वाटतो, पण याच प्रमाणाला हे द्रावण सगळ्यात उशिरा, उणे ११ अंशांना गोठतं. गोठतानाही युरिया आणि पाणी वेगळे होत नाहीत, म्हणून वितळल्यावर ताकद तीच राहते. लडाखकडे जाणाऱ्या ट्रकच्या टाकीला त्यासाठी गरम करायची सोय लागते. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे : ३५ अंशांत साठवलं तर डीईएफ सहाच महिने टिकतं, त्याहून जास्त उष्म्यात आणखी कमी. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बादल्या रचून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गरम धुरात फवाऱ्यातलं पाणी उडून जातं, युरिया फुटतो आणि अमोनिया तयार होतो. तो धुरात सारखा मिसळावा म्हणून पाइपात वळणदार पाती असतात. मग येतो एससीआरचा मधाच्या पोळ्यासारखा बारीक भोकांचा ठोकळा. बीएस-६ मध्ये त्यावर बहुधा तांबं किंवा लोह धरून ठेवलेल्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचा थर असतो. जुन्या बीएस-४ गाड्यांत व्हॅनेडियम असायचं, पण डीपीएफच्या रीजनची धग त्याला झेपत नाही. अमोनिया या थरावर चिकटून बसतो. नॉक्स आला की दोघांचा व्यवहार होतो आणि बाहेर पडतं काय, तर नायट्रोजन आणि पाणी. हवेतून उचललेला नायट्रोजन हवेत परत. धुरात नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड निम्मे निम्मे असतील तर हा व्यवहार सगळ्यात झटपट उरकतो. डीओसीची दुसरी मदत ती ही.

हिशेबही करता येतो. युरियाचा एक रेणू अमोनियाचे दोन रेणू देतो आणि ते नॉक्सचे दोन रेणू मोडतात. वजनात मांडलं तर एक लिटर डीईएफमध्ये साधारण ३५० ग्रॅम युरिया असतो आणि तो अर्ध्या किलोहून थोडा जास्त नॉक्स संपवतो. इंजिनातून किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम नॉक्स निघत असेल तर १० ग्रॅमच्या आसपास डीईएफ लागेल, आणि तेवढ्याच कामाला डिझेल लागतं २०० ग्रॅम. म्हणून शंभर लिटर डिझेलमागे चार ते सहा लिटर डीईएफ, हा ट्रान्सपोर्टवाल्यांचा ठोकताळा बरोबर बसतो. गाडी याहून फारच कमी युरिया पीत असेल तर खूश होऊ नका. कुठेतरी पाणी मुरतंय.

युरिया जास्त पडला तर न वापरलेला अमोनिया बाहेर येतो, आणि बीएस-६ ने त्यालाही सरासरी १० पीपीएमची मर्यादा घातली आहे. म्हणून शेवटी आणखी एक कॅटलिस्ट असतो, उरलेला अमोनिया जाळायला. तो नीट जुळवला नसेल तर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हा नॉक्समध्ये मोजत नाहीत, पण हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं, असा हा संसार आहे. त्यात नॉक्सचा सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. बाहेरचा आकडा वाढला तर युरिया कमी पडला की जास्त झाला, हे कॉम्प्युटरला अंदाजानेच ओळखावं लागतं.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. गरम झालेला एससीआर ९५ टक्क्यांच्या वर नॉक्स मोडतो. अडचण त्या ‘गरम’मध्ये आहे. धूर १८०-२०० अंशांच्या खाली असेल तर युरिया सोडताच येत नाही. पाणी उडतं, पण युरिया नीट फुटत नाही आणि पाइपात पांढरे दगडासारखे थर जमतात. काही दिवसांनी मेकॅनिक पाइप उघडतो तेव्हा आतली अर्धी वाट बुजलेली असते. म्हणून गार गाडीत कॉम्प्युटर युरिया बंदच ठेवतो, आणि इंजिनातला नॉक्स जवळजवळ जसाच्या तसा बाहेर जातो.

गार गाडी म्हणजे फक्त सकाळी स्टार्ट केलेली नव्हे. न्हावाशेवा बंदराबाहेर रांगेत उभा कंटेनर ट्रेलर घ्या. इंजिन आयडलिंगला, धूर जेमतेम १००-१५० अंश. रांग दोन गाड्यांनी सरकते, पुन्हा उभी. कॅटलिस्ट तापायची वेळच येत नाही. किंवा भरलेला ट्रक घाटातून उतरताना पाहा. एक्सलेटरवरून पाय काढलेला, इंजिन ब्रेक लावलेला, डिझेल बंद. इंजिन त्या वेळी नुसता हवेचा पंप झालेलं असतं आणि थंड हवा कॅटलिस्टमधून फुंकत राहतं. खाली पोहोचेपर्यंत तो निवलेला असतो, आणि पायथ्याशी लगेच जोर लावला की पहिली काही मिनिटं नॉक्स मोकळा. तोच ट्रक घाट चढत असताना मात्र, कितीही घरघरला तरी, नॉक्सच्या बाबतीत सगळ्यात सभ्य असतो. कान आणि डोळे सांगतात त्याच्या नेमकं उलट.

आणि गंमत बघा, आतली आग थंड करावी तर नॉक्स कमी बनतो, पण धूरही थंड होतो आणि बाहेरचा कॅटलिस्ट झोपतो. जिथे माणसं दाटीने राहतात, सिग्नल आहेत, बाजार आहे, तिथेच ट्रक हळू चालतो आणि तिथेच यंत्रणा कमी काम करते. मोकळ्या हायवेवर ती उत्तम. माझं म्हणणं असं की अवजड गाड्यांच्या नॉक्सचा प्रश्न आता उरला आहे तो मुख्यतः या थंड धुराचा.

कायद्यालाही हे उशिरा दिसलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत कॅटलिस्टचं तापमान २५० अंशांच्या खाली असतानाची मोजणी चक्क सोडून द्यायची मुभा होती. म्हणजे पेपरातला अवघड प्रश्नच वगळलेला. डिसेंबर २०२२ मध्ये ईपीएने २०२७ च्या मॉडेलपासून मर्यादा सुमारे ०.०४७ ग्रॅमवर नेणारा नियम केला, आणि त्यात कमी भारावर रेंगाळणाऱ्या गाडीची वेगळी चाचणी घातली. मार्च २०२५ मध्ये त्याच संस्थेने या नियमाचा फेरविचार जाहीर केला. युरोपने २०२४ मध्ये युरो-७ मंजूर केलं. त्यात अवजड इंजिनांसाठी ०.२ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि नायट्रस ऑक्साइडलाही प्रथमच आकडा घातला आहे. नव्या मॉडेलांना ते २०२८ पासून लागू होईल.

थंड धुरावरचे उपाय ऐकायला सोपे आहेत. आयडलिंगला सहा सिलिंडरांपैकी दोन-तीन बंद ठेवायचे, म्हणजे उरलेल्यांवर भार वाढतो आणि त्यांचा धूर गरम निघतो. इंजिनाला अगदी चिकटून एक छोटा एससीआर बसवायचा, तो लवकर तापतो. मोठा मागे असतोच, दोघांना वेगवेगळा युरिया. पाइपात विजेचा हीटर घालायचा. हवेचा रस्ता थोडा आवळायचा. प्रत्येकाला पैसे पडतात, काहींना डिझेलही, आणि दर टनामागे पै-पैशाचा हिशेब करणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या गळी हे उतरवणं सोपं नाही.

त्याच हिशेबातून युरियाचे जुगाड निघतात. शेताचा युरिया अनुदानाने स्वस्त आहे. ४५ किलोच्या गोणीतून हिशेबाने १२५ लिटरच्या आसपास द्रावण होईल, मग महाग बादली कशाला? एक तर अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे. दुसरं म्हणजे ते खत वेगळंच आहे. २०१५ पासून देशातल्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी दीड टक्क्यापर्यंत चालते, डीईएफमध्ये ०.३ टक्के. वर बोअरचं पाणी घातलं की कॅल्शियम, सोडियम कॅटलिस्टवर जाऊन बसतात आणि तो कायमचा मरतो. इंजेक्टर चोंदतो तो निराळाच. वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च डबा बदलायला येतो.

बरं, युरियावर चालणारी वाहतूक म्हणजे युरियाच्या पुरवठ्याशी बांधलेली वाहतूक. २०२१ च्या शरदात चीनने युरियाच्या निर्यातीला चाप लावला आणि दक्षिण कोरियात ट्रक उभे राहायची पाळी आली, कारण त्यांचा औद्योगिक युरिया जवळजवळ सगळा चीनचा. शेवटी हवाई दलाचं विमान ऑस्ट्रेलियाला पाठवून २७ हजार लिटर आणावं लागलं. एवढ्या ट्रकांच्या देशात तो घोटभर.

युरिया भरलाच नाही तर काय? बीएस-६ गाडी आधी दिवा लावते, मग इंजिनाची ओढ २५ टक्क्यांनी कमी करते, आणि तरीही ऐकलं नाही तर ताशी २० किलोमीटरवर आणून ठेवते. हेतू ठीक आहे. पण सेन्सरला युरिया संपलाय की वायर तुटलीय हे नेहमी कळतं असं नाही. टाकी भरलेली, माल नाशवंत, गॅरेज दीडशे किलोमीटरवर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली, अशा ड्रायव्हरला हवेच्या गुणवत्तेवर व्याख्यान देऊन उपयोग नसतो. अमेरिकेत याच तक्रारींवरून ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने ही शिक्षा सौम्य करण्याच्या सूचना कंपन्यांना दिल्या.

शिक्षेला वैतागलेल्यांना बाजारात ‘इम्युलेटर’ मिळतो. काडेपेटीएवढी डबी वायरिंगमध्ये जोडली की ती कॉम्प्युटरला सांगत राहते : युरिया पडतोय, सेन्सर ठीक आहे, सगळं आलबेल. प्रत्यक्षात एक थेंब पडत नाही. वर सांगितलेलं इंजिन चांगल्या ॲव्हरेजला लावलेलं असतं, म्हणजे आत नॉक्स भरपूर बनवणारं. त्याचा युरिया बंद केला की बीएस-६ ची पाटी लावलेली गाडी बीएस-४ च्या मर्यादेपलीकडेही जाऊ शकते.

आणि ती पकडली जात नाही. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून, इंजिन रेस करून धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत. नायट्रिक ऑक्साइडला रंग नसतो, आणि डीपीएफ जागेवर असला की धूर स्वच्छच दिसतो. इम्युलेटर लावलेला ट्रक पीयूसीत ऐटीत पास होतो. नव्या इंजिनांची कंपनीच्या पातळीवर रस्त्यावर उपकरणं लावून तपासणी एप्रिल २०२३ पासून आहे, पण ती मॉडेलची तपासणी. वाटेत विकल्या-घेतल्या गेलेल्या, तिसऱ्या मालकाच्या गाडीपर्यंत ती पोहोचत नाही.

गाडीत मात्र पुरावा पडलेला असतो. किती डिझेल जळलं, किती युरिया गेला, कॅटलिस्टच्या आधी आणि नंतर नॉक्स किती, याच्या नोंदी बीएस-६ चा कॉम्प्युटर ठेवू शकतो, आणि त्या वाचायचा ओबीडीचा सॉकेट ड्रायव्हरच्या सीटसमोरच असतो. पासिंगच्या वेळी आरटीओत त्या सॉकेटला स्कॅनर लावून डिझेल आणि युरियाचं गुणोत्तर पाहायला पाच-दहा मिनिटं पुरतील. इम्युलेटर नोंदीही खोट्या देईल, हे खरं. मग ट्रान्सपोर्टरकडची डीईएफच्या खरेदीची बिलं त्या आकड्यांशी ताडून पाहावी लागतील. तोवर पीयूसीच्या कागदावर जे छापून येतं ते फक्त काजळीबद्दल असतं.